पाचव्या दिवसाचे तीन अध्याय



आपल्या देवस्थानच्या दत्तजयंती विशेषांकासाठी काहीतरी लिहून द्या, असे मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी बी.कॉम. झालेला माणूस. सदतीस वर्षे बँकेत क्लार्क आणि कॅशियर म्हणून काढली. संस्कृत येत नाही, शास्त्राचा अभ्यास नाही. प्रवचनकारांच्या पंगतीत बसण्याची आपली योग्यता नाही, हे मला ठाऊक आहे. पण १९८६ पासून आमच्या घरी दत्तजयंतीचा गुरुचरित्र सप्ताह चालू आहे. दोनदा सुतक आले आणि एकदा आईचे आजारपण, तेवढी वर्षे सोडली तर खंड नाही. इतकी वर्षे एकच पोथी वाचूनही तिच्यातली एक गोष्ट मला दिसलीच नव्हती. ती कशी दिसली, आणि तोपर्यंत माझ्या हातून काय होऊन बसले होते, तेवढेच इथे लिहितो. ज्या घरातला कर्ता पुरुष नेमनिष्ठ आहे आणि दानधर्म करणारा आहे, त्या घरातल्या वाचकांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावे ही विनंती.

सप्ताह करणाऱ्यांना वाचनाचा क्रम पाठच असतो. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. पाचव्या दिवशी तीनच अध्याय येतात, ३६, ३७ आणि ३८. नवशिक्याला वाटते, आज लवकर सुटका. पण ३६ वा सुरू झाला की कळते, तो संपता संपत नाही! उठावे कधी, स्नान कसे, संध्या कशी, भस्म कसे लावावे, सगळे बारीकसारीक आचार त्यात आहेत. खरे सांगायचे तर पुष्कळजण तिथे गाडी दामटतात. मीही दामटत असे.

आता हे तीन अध्याय एकाच दिवशी येतात ही वाचनाच्या सोयीची गोष्ट असेल. पण मला आता त्यांचा एकमेकांशी संबंध दिसतो. ३६ व्यात नवऱ्याचा नेम आहे. ३७ व्यात गृहस्थाच्या घराची व्यवस्था आहे. आणि ३८ व्यात अन्नदान आहे. म्हणजे नेम, घर आणि दान. आपण काय करतो, पहिले आणि तिसरे उचलतो आणि मधले चाळून पुढे जातो.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. गुरुचरित्र हे संन्यासी गुरूंचे चरित्र असले तरी ते भरलेले आहे संसारी माणसांनी. कोणाला पोटशूळ आहे, कोणाला मूल नाही, कोणाच्या घरी दुभते जनावर नाही, कोणाच्या नोकरीवर गदा आलेली आहे. १४ व्या अध्यायातले सायंदेव हे यवन राजाच्या चाकरीत होते आणि जिवाला घाबरलेले होते. श्रीगुरूंनी त्यांना अभय दिले, तेव्हा संसार सोडून चल असे म्हटले नाही. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे याच सायंदेवांच्या वंशातले. म्हणजे ही पोथी आपल्यापर्यंत आली तीच एका गृहस्थाच्या घरातून. तेव्हा संसारात राहून दत्तभक्ती कशी करावी याचे उत्तर या पोथीत नाही, असे कोणी समजू नये. उत्तर आहे. ते आपल्याला सोयीचे असतेच असे नाही, एवढेच.

आता ३६ व्या अध्यायाची कथा. गाणगापुरात एक ब्राह्मण राहत असे. त्याचा नेम असा की परान्न घ्यायचे नाही, दुसऱ्याच्या घरी जेवायला जायचे नाही. कोरडी भिक्षा मागून आणावी, घरी शिजवावे आणि खावे. मोठा निःस्पृह माणूस. पण त्याची बायको मनातून कष्टी होती. गाणगापुरात श्रीगुरूंमुळे रोज कोणाची ना कोणाची समाराधना चाले. शेजारपाजारची माणसे जोडीने जेवायला जात, वस्त्रे-दक्षिणा घेऊन येत. ही मात्र घरी. एकदा एक श्रीमंत यजमान आला आणि त्याने दांपत्यांना आमंत्रण दिले. नवरा नाही म्हणाला. तेव्हा ती बाई थेट श्रीगुरूंकडे गेली आणि तिने आपले गाऱ्हाणे सांगितले.

इथे थांबून वाचकांनी विचार करावा. श्रीगुरूंनी काय करायला हवे होते? माझ्यासारख्याला विचाराल तर मी म्हणालो असतो, बाई गं, तुझा नवरा किती मोठा, त्याचा नेम मोडू नकोस. पण श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाला बोलावून घेतले आणि सांगितले, जा, बायकोची इच्छा पुरव, तिला घेऊन जेवायला जा. तो गेला. जेवताना तिला दिसले की कुत्री आणि डुकरे आपल्याच बरोबर अन्न खात आहेत. तिला किळस आली, ती पानावरून उठली. दोघे परत श्रीगुरूंकडे आले. नेम मोडला म्हणून ब्राह्मण दुःखी होता. श्रीगुरूंनी त्याला सांगितले की तुला दोष नाही, तू हिची वासना पुरवलीस, आता हिचे मन पुन्हा डळमळणार नाही.

ही कथा मी वर्षानुवर्षे वाचली. आणि आता लाज बाजूला ठेवून सांगतो, आमच्याकडे बायकांनी पोथी हातात घेऊन वाचायची नाही अशी वडिलांपासूनची रीत होती. त्यामुळे मी बाहेरच्या खोलीत वाचायचो आणि सौ. आत सोवळ्यात स्वयंपाक करता करता ऐकायची. कुत्र्या-डुकरांची जागा आली की मी जरा आवाज चढवून वाचत असे. आत ऐकू जावे म्हणून! मला ती कथा बायकांना शिकवण्यासाठीच आहे असे वाटायचे. श्रीगुरूंनी आधी नवऱ्याला त्याच्या नेमावरून खाली उतरवले आणि मग बायकोला शिकवले, हा क्रम माझ्या ध्यानातच आला नाही.

याच अध्यायावरून मी १९९१ साली परान्न सोडले होते. त्या वर्षी बँकेत माझ्या काउंटरला मोठी रोकड कमी पडली होती. संध्याकाळी मोजणी जुळेना. दोन दिवस मी आणि हेड कॅशियर डोके धरून बसलो होतो. मनात म्हणालो, महाराज, यातून सोडवा, आजन्म परान्न घेणार नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शाखेला गेलेल्या रकमेतली चूक सापडली. माझी सुटका झाली आणि नेम चालू झाला.

नेम चालू झाला म्हणजे काय झाले, हे मला तेव्हा कळलेच नाही. मी फक्त एक वाक्य बोललो होतो. बाकी सगळे सौ.ने केले. मी गावाला निघालो की पहाटे उठून डबा. लग्नाला गेलो की डबा. ऑफिसच्या सहलीला, मित्राच्या मुंजीला, कुठेही डबा. कार्यालयात पंगत बसली की मी कोपऱ्यात डबा उघडून बसायचो. लोक म्हणायचे, वा, काय नेम आहे! ते मला ऐकायला बरे वाटायचे. मी एकटा कोपऱ्यात बरा दिसत नाही म्हणून तीही पंगत सोडून माझ्याजवळ बसायची आणि त्या डब्यातलेच खायची. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या लग्नात तिने घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली.

बँकेत आम्ही कर्जाला जामीनदार घ्यायचो. कर्जदार सही करून पैसे घेऊन जातो, हप्ते थकले की नोटीस जामीनदाराला. पण जामीनदाराचीसुद्धा आधी सही घेतो हो! त्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव फॉर्मवर लिहीत नाही. माझ्या नेमाचे सगळे हप्ते जिने भरले, तिची सही मी घेतली नव्हती.

१९९९ साली अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याचा महिना. सासूबाईंनी निरोप पाठवला की या खेपेला जावयाने जेवायला यायचेच. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. मेहुणे म्हणाले, तुम्ही येऊन पाटावर बसा तरी, तिचे समाधान होईल. गेलो. सासूबाईंनी पहाटे उठून स्वतः पुरण वाटले होते, धोंडे केले होते, कोणाला हात लावू दिला नव्हता. रांगोळी, पाट, समई, सगळे. मी पाटावर बसलो, वाण घेतले, अनारसे घेतले, आणि ताट बाजूला सरकवून माझा स्टीलचा डबा उघडला. घरात सगळे गप्प झाले. सासूबाईच म्हणाल्या, "असू दे जावईबापू, देवाचं आधी. आपलं काय, पुढच्या धोंड्याला बघू." आणि हसल्या.

दोन-अडीच वर्षांनी पुढचा अधिक महिना आला, तेव्हा त्या नव्हत्या. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या.

सौ. त्याबद्दल मला एक अक्षर बोलली नाही. मी मनाशी म्हणायचो, नेम म्हणजे नेम. कठीण प्रसंगी टिकला तरच त्याला अर्थ.

मग २०१८ साल. मी वर्षभरापूर्वी निवृत्त झालो होतो. मार्गशीर्षाच्या तोंडावर माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली. सप्ताह चुकणार म्हणून मी बेचैन झालो. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मी रजा टाकून येतो, मी वाचतो, तुम्ही ऐका." तो पुण्याला आयटीत आहे. त्याला पोथीची सवय नाही. शब्दाशब्दाला अडखळत, पण मन लावून वाचायचा, आणि शब्द अडला की अर्थ विचारायचा. मी कधी अर्थ विचारत थांबलो नव्हतो. मला पाठ होते ना!

पाचव्या दिवशी ३६ वा अध्याय निघाला. कथा झाली. पुढे तो ब्राह्मण श्रीगुरूंना विचारतो की मग कोणाचे अन्न घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये. तिथे श्रीगुरू सांगतात की काही ठिकाणी परान्नाचा दोष नाही. गुरूचे घर, मामाचे घर, सख्ख्या भावाचे घर, साधुजनांचे घर. मुलगा एका शब्दावर थांबला.

"बाबा, श्वशुर म्हणजे सासरेच ना?"

मी म्हणालो, हो.

"मग तुम्ही आजीकडे का नाही जेवलात?"

त्याला तो धोंड्याचा दिवस आठवत होता. तेव्हा तो आठवीत होता, माझ्या शेजारच्याच पाटावर बसला होता. त्याने मला टोमणा मारला नाही. साधा प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला अंधुक दिसतेय, आणि मी हिशेब करतोय की ही ओळ आपण किती वेळा वाचली. तीसच्या आसपास पारायणे! त्यातली आठ पारायणे परान्न सोडल्यानंतर आणि धोंड्याच्या आधीची. म्हणजे ज्या अध्यायावरून नेम घेतला, त्याच अध्यायात सासुरवाडी वगळलेली होती. आठ वेळा माझ्याच तोंडाने मी ती वाचली होती.

त्या रात्री मी सौ.ला विचारले, "अगं, तुला हे माहीत होतं?"

ती म्हणाली, "माहीत होतं. दरवर्षी ऐकते की."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणाला असता, माझ्या नेमापेक्षा तुला माहेर मोठं झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "आईला मात्र मी सांगितलं होतं. पोथीत तसं नाहीये म्हणून. तर आई म्हणाली, राहू दे, त्याला नको सांगू, त्याचा सप्ताह आहे, मन खट्टू होईल."

म्हणजे सासूबाईंना माहीत होते. त्यांनी हसून ताट उचलून ठेवले, ते माझे मन खट्टू होऊ नये म्हणून. आता कोणाचा नेम मोठा?

आमच्या दत्तसंप्रदायाशी जोडलेली एक गोष्ट बँकेतल्या लोकांना फार आवडते. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एकदा एका पैचा फरक येत होता. नाथ रात्रभर जागले, पै सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एक पै सापडल्याचा एवढा आनंद, मग एवढी एकाग्रता परमार्थात लावलीस तर काय होईल! ही कथा मी निवृत्तीच्या समारंभात भाषणातही सांगितली होती. दर संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही. पण घरातली चूक एकोणीस वर्षे पडून होती आणि ती शोधायला मी कधी बसलो नाही, कारण माझ्या मते तिथे हिशेब जुळलेलाच होता.

आता ३७ वा अध्याय. हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. यात गृहस्थाचे पुढचे आचार आहेत, देवपूजा आहे, वैश्वदेव आहे, अतिथी आहे, भोजनाचे नियम आहेत. वैश्वदेव का करायचा? शास्त्रात असे सांगितले आहे की गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नकळत जीवहत्या होते. चूल, पाटा किंवा जाते, उखळ-मुसळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा. या दोषांच्या परिहारासाठी पंचमहायज्ञ. ही यादी नीट बघा. पाचही वस्तू स्वयंपाकघरातल्या किंवा केरवाऱ्याच्या. आयुष्यभर त्यांना हात कोणाचा लागतो? घर चालते ते या पाच ठिकाणी राबणाऱ्या माणसावर. कर्त्याचा पहिला यज्ञ तिथूनच सुरू होतो, देवळाच्या पावतीपुस्तकापासून नाही.

आणि जेवणाचा क्रम. स्मृतिग्रंथांत स्पष्ट आहे की घरातल्या नव्या सुना-लेकी, मुले, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी वाढावे. मग अतिथी, मग नोकरचाकर, आणि उरलेले यजमान आणि यजमानीण या दोघांनी. दोघांनी, हे महत्त्वाचे. आमच्या घरी काय होते? नैवेद्य झाला की पहिले पान माझे. कारण मी पारायणाला बसलेला, मला एकभुक्त. मग मुले, मग आई, आणि सगळ्यांच्या शेवटी सौ. एकटी, थंडगार. मी याला सोवळे समजत होतो.

कर्ता हा शब्द आम्ही बँकेत रोज वापरायचो. एकत्र हिंदू कुटुंबाचे खाते असले की कर्त्याच्या एका सहीवर खाते चालते. पण खाते उघडतानाच्या पत्रावर घरातल्या सगळ्या सज्ञान सहदायादांच्या सह्या घ्याव्या लागतात. कर्त्याची सही चालते ती बाकीच्यांनी दिलेल्या अधिकारावर. (त्या काळी त्या पत्रावर बायकांच्या सह्या नसत, ही गोष्ट वेगळी. २००५ च्या कायद्यानंतर मुलींचा हक्क आला.)

दानाच्या बाबतीतही माझे हेच झाले होते. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळाली. मी एका देवस्थानच्या अन्नछत्राला ५१,००० रुपये देऊन आलो. घरी विचारले नाही. विचारायचे असते हे डोक्यातच नाही. सहा महिन्यांनी आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा सौ.ने माझे नाव फलकावर वाचले. ती म्हणाली, "छान केलंत." आणि पुढे चालायला लागली. आता तिची एक मागणी चार वर्षांपासून होती. सोवळ्याच्या स्वयंपाकाला खाली जमिनीवर शेगडी होती. तिचे गुडघे गेलेले. उभ्याने करता येईल असा ओटा घालून द्या, एवढेच म्हणणे. मी म्हणायचो, बघू. अनोळखी माणसांच्या जेवणासाठी मी एकरकमी पैसे दिले, आणि ज्या गुडघ्यांवर माझे स्वतःचे जेवण चालले होते त्यांना बघू म्हणत राहिलो.

याचा अर्थ अन्नछत्राला देऊ नका असा कोणी काढू नये. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमाला जाऊन माधुकरी मागणाऱ्या आणि वाढणाऱ्या लोकांना ज्याने पाहिले आहे, तो अन्नदानाला नावे ठेवणार नाही. दत्तमहाराज दुपारी भिक्षेला येतात या श्रद्धेने तिथे आजही ताट वाढले जाते. मी फक्त एवढे म्हणतो की देणारा हात एका माणसाचा असतो आणि दिलेली वस्तू सगळ्या घराची असते.

३८ व्या अध्यायातला भास्कर ब्राह्मण आठवा. गरीब माणूस. श्रीगुरूंना भिक्षा घालायची म्हणून तिघांपुरते पीठ-तांदूळ फडक्यात बांधून गाणगापूरला आला. पण रोज कोणी ना कोणी मोठी समाराधना करी, याची पाळीच येईना. रोज दुसऱ्यांच्या पंगतीत जेवायचा आणि ते गाठोडे उशाला घेऊन झोपायचा. असे तीन महिने गेले. लोक हसायला लागले. तेव्हा श्रीगुरूंनीच त्याला सांगितले, आज तुझी भिक्षा. आणि वर सांगितले की सगळ्यांना आमंत्रण दे, बायकामुलांसकट. लोकांना वाटले थट्टा आहे, तिघांच्या अन्नात एकेकाला शीतही यायचे नाही. श्रीगुरूंनी आपले वस्त्र दिले, अन्नावर झाकायला सांगितले, कमंडलूतले पाणी शिंपडले. चार हजार माणसे जेवली. गावातले झाडून सगळे जेवल्यावर भास्कराला जेवायला सांगितले. उरलेले अन्न जलचरांना घातले.

या कथेतला चमत्कार सगळ्यांना आठवतो. मला हल्ली ते गाठोडे आठवते. तिघांपुरते होते, पण त्याचे होते. त्याने कोणाकडून उसने आणून मोठे केले नाही, आणि तीन महिने हसू झाले तरी स्वतःसाठी सोडलेही नाही. दुसऱ्या बाजूला अमरापूरची १८ व्या अध्यायातली कथा बघा. घरात धान्याचा कण नाही, तेव्हा त्या बाईने दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांची भाजी करून श्रीगुरूंना वाढली. आजही दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी लागते. घरात होते ते वाढले. मी मात्र घरात नसलेले, म्हणजे दुसऱ्याच्या कष्टातले, उचलून वाढत होतो आणि पुण्य माझ्या खाती जमा करत होतो.

आमच्या संप्रदायातले अगदी अलीकडचे उदाहरण प. पू. टेंबे स्वामी महाराजांचे. एवढे कडकडीत वैराग्य, पण संन्यास घेतला तो १८९१ साली, गंगाखेड मुक्कामी, पत्नीच्या निधनानंतर. तोपर्यंत माणगाव सोडल्यावरही त्या बरोबर होत्या. महाराजांची बरोबरी कोणी करू नये, पण ही तारीख गृहस्थाने ध्यानात ठेवावी.

आता आमच्या घरात काय बदलले ते थोडक्यात सांगतो. त्याची जाहिरात करायची नाही, पण नुसते रडगाणे लिहिले तर वाचकाच्या हाती काय लागणार? ओटा २०१९ च्या चैत्रात झाला. सप्ताहात सोवळ्याचा स्वयंपाक मी आणि सौ. दोघे मिळून करतो. मला फक्त वरण-भात आणि कणीक मळणे जमते, पोळ्या अजून नकाशे होतात. पहिले पान आमच्या घरकामाच्या मावशींच्या नातीचे असते, ती शाळेत जाताना जेवून जाते. मग बाकीचे. आम्ही दोघे शेवटी, एकत्र. सौ. आता पोथीसमोर माझ्याशेजारी पाटावर बसते. ऐकायला आत जायची गरज नाही. पोथी हातात घेण्याबद्दल तिचे तिने ठरवावे, मी त्यावर काही बोलत नाही.

दानाची एक वही केली आहे. लेजरसारखी आखून घेतली आहे, जुनी सवय. मार्गशीर्षाच्या आरंभी आम्ही बसतो आणि वर्षाचे ठरवतो. अन्नछत्राला किती, कोणाच्या शिक्षणाला किती, कोणाच्या औषधाला किती. खाली दोन सह्या. पहिल्या वर्षी सौ.ने सही करायला नकार दिला, म्हणाली, "हे काय बँकेत आल्यासारखं?" मी म्हणालो, एकोणीस वर्षांची राहिलेली सही आहे. मग केली. तिने घातलेल्या नोंदी माझ्यापेक्षा लहान रकमांच्या असतात, पण नेमक्या असतात. अमक्याच्या सुनेच्या बाळंतपणाला तूप आणि डिंक. तमक्या म्हाताऱ्यांच्या चष्म्याची काच. मला ही माणसे दिसलीच नव्हती. एकदा सूनबाईने मला विचारले, "बाबा, सोसायटीच्या वॉचमनला मी रोज डबा देते, ते वहीत लिहायचं का?" ते ती मला दाखवायला करत नव्हती. मी म्हणालो, लिहू नकोस, चालू ठेव.

नेमाचे काय केले, असे दोन-तीन मित्रांनी विचारले. परान्नाचा नेम मी टाकला नाही. कारण तो महाराजांपुढे बोललेला शब्द आहे, आणि श्रीगुरूंनीही त्या ब्राह्मणाचा नेम कायमचा मोडला नाही. पण आता तो पोथीत आहे तसा आहे, माझ्या अहंकाराने वाढवलेला नाही. सासुरवाडी, भाऊ, मामा यांच्याकडे जेवतो. बाहेर डबा न्यायचा तर मी स्वतः भरतो. दही-पोहे, गूळ-पोळी, जे जमेल ते. आणि सौ. पंगतीत बसते. कार्यालयात मी कोपऱ्यात आणि ती समोरच्या रांगेत जिलबी वाढून घेतेय, असे दृश्य आता लोकांना दिसते. कोणी वा म्हणत नाही. एक-दोघांनी विचारले, वहिनींचे काही बिनसले का!

२०२० ला अधिक आश्विन होता, पण करोनामुळे कुठे जाता आले नाही. २०२३ ला अधिक श्रावण आला. मेहुण्यांना मी स्वतः फोन केला आणि म्हणालो, जेवायला येऊ का? पलीकडे थोडा वेळ आवाजच आला नाही. गेलो. मेहुण्यांच्या पत्नीने धोंडे केले होते, सासूबाईंच्या पाटाजवळ त्यांचा फोटो ठेवला होता. मी पहिला घास घेतला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी मान खाली घालून जेवलो. चांगले झाले होते. पुरणात जायफळ जरा जास्त होते, सासूबाई घालत तसे, असे सौ. म्हणाली. मला ते कळायला काही मार्ग नव्हता.

या वर्षी सप्ताहाला मुलगा येणार आहे. पाचव्या दिवसाचे वाचन त्याच्याकडेच असते, ते आता ठरून गेले आहे. मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते, तरी त्या दिवशी मी ऐकतो.